चिलयाची संमती

श्रावणात आमच्या सोलापूरच्या घरी शिवलीलामृताचं पारायण व्हायचं. श्रियाळ-चांगुणेची कथा आली की आई वाचता वाचता डोळ्याला पदर लावायची आणि आम्ही पोरं भयानं एकमेकांना चिकटून बसायचो. अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही, हे श्रियाळ राजाचं व्रत. शंकर अतिथी होऊन दारात आला आणि त्यानं राजाच्या पोराचं, चिलयाचंच मांस मागितलं. ते दिलं गेलं. चांगुणेनं पोराचं शिर उखळात घालून कांडलं, तेही गाणं म्हणत, कारण अतिथीला रडकं तोंड चालणार नव्हतं. शेवटी देव प्रसन्न होतो, हाकेसरशी चिलया धावत येतो, पोथी फडक्यात बांधली जाते आणि सगळे जेवायला बसतात.

व्रत राजाचं आणि जीव चिलयाचा. हा हिशेब तेव्हा खटकला नाही, कारण चिलया स्वतःच तयार होता असं कथा सांगते. आता खटकतो. मी मदतसंस्थांमध्ये कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं काम करते. लढाईच्या, दुष्काळाच्या मुलखात आमचे डॉक्टर, पाण्याची कामं बघणारे, गोदामवाले, ड्रायव्हर कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, कुणाकुणाला विचारून जातील, आणि कधी मुळीच जाणार नाहीत, हे ठरवायचं. व्रत संस्थेनं घेतलेलं असतं, जीव दुसऱ्या कुणाचा तरी असतो, आणि मधे कागदावर माझी सही असते. दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार मला कुठून येतो, हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नव्हे, त्या सहीच्या जागेवर भेटला.

'सुरक्षा' म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे बंदूकधारी येतात. प्रत्यक्षात हे काम बरंचसं कारकुनी आहे. गाड्या फाटकाकडे तोंड करून लावायच्या आणि टाकी अर्ध्याखाली येऊ द्यायची नाही. लँड क्रूझरच्या काचेवर बंदुकीवर फुली मारलेलं चित्र चिकटवायचं. निघालेल्या गाडीनं ठरल्या ठिकाणांहून रेडिओवर खबर द्यायची. खबर चुकली तर किती मिनिटांनी कुणाला उठवायचं, हे आधीच लिहून ठेवायचं. दार लावून आत बसावं लागलं तर पंधरवडाभर पुरेल एवढं अन्नपाणी तळावर ठेवायचं. आणि प्रत्येकाकडून बंद पाकिटात दोन-तीन असे प्रश्न घ्यायचे, ज्यांची उत्तरं त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. अपहरण झालंच, तर पकडलेला माणूस जिवंत आहे की नाही हे त्या उत्तरांवरून कळतं. नवी पोरं हे पाकीट भरताना हसतात आणि लहानपणच्या कुत्र्याचं नाव लिहितात.

माणसं सुरक्षित ठेवायच्या या कामात तीन वाटा सांगितल्या जातात. लोकांनी तुम्हाला आपलं मानावं, तुम्ही भिंती आणि काटेरी तारा उभ्या कराव्यात, किंवा समोरच्याला तुमचा धाक वाटावा. आमची भिस्त पहिल्या वाटेवर, आणि ती तशीच असावी; लस देणारा माणूस बंदुकीच्या पहाऱ्यात आला की लांबून तो आणि शिपाई सारखेच दिसतात. पण ही वाट श्रद्धेच्या जवळ जाते, आणि श्रद्धेसारखीच कधी कधी उघडी पडते. १७ डिसेंबर १९९६ च्या पहाटे चेचेन्यात नोव्ये अतागी इथं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या रुग्णालयात घुसून सहा कर्मचाऱ्यांना झोपेतच गोळ्या घातल्या गेल्या. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कॅनॉल हॉटेलात संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह बावीस माणसं गेली. तोच दिवस आता जागतिक मानवतावादी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणं होतात आणि भाषणांत 'बलिदान' हा शब्द फार येतो.

मी सोलापूरची असल्यामुळे माझ्या वाट्याला त्या शब्दाबरोबर कोटणीसही येतात. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले. चौघं परत आले, द्वारकानाथ कोटणीस नाही आले. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथंच गेले, वय अवघं बत्तीस. पुढे शांतारामबापूंनी सिनेमा काढला, आणि सोलापुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. सत्काराला बोलावणारे मला त्यांच्या परंपरेत बसवतात तेव्हा मी अवघडते. कोटणीस गेले ते अपस्माराच्या झटक्यांनी, आणि तेही काम करता करता. त्या स्मारकात उभी राहिले की आदर वाटतोच, पण धंद्याची खोड जात नाही: या माणसाला सक्तीनं रजेवर पाठवणारं कुणी नव्हतं का, हेच मनात येतं. आज आम्ही काही आठवड्यांनी प्रत्येकाला सक्तीची विश्रांती देतो. ती घेताना लोक चिडतात. थकलेला माणूस चेकपोस्टवर चुकीचं बोलतो, गाडी जोरात हाकतो, आणि त्याच्या निष्ठेचा भुर्दंड शेजारी बसलेला भरतो.

बलिदानाला मी नाव ठेवत नाही. शिबिराजानं कबूतर वाचवायला ससाण्यापुढे तराजूत स्वतःचं मांस घातलं. समजा त्यानं सेवकाचं घातलं असतं. कबूतर तेवढंच वाचलं असतं, ससाणा तेवढाच तृप्त झाला असता. पण ती गोष्ट मग कुठल्या आजीनं नातवाला सांगितली असती? त्यागाचं पुण्य ज्याच्या अंगाचं मांस जातं त्याच्यापाशी थांबतं. पाठवणाऱ्याच्या खात्यात ते वळतं होत नाही.

दक्षिण सुदानात बेंटियूच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीत गोवराची लागण झाल्याची खबर आली, तेव्हा आमच्याकडे वर्ध्याची एक तरुण डॉक्टर होती. पावसाचे दिवस. तिथली माती आमच्या बार्शीकडच्या काळ्या रानासारखी, भिजली की चाक सोडत नाही. रस्त्यावर आदल्याच आठवड्यात दोन गटांत गोळीबार झालेला, एका बाजूच्या कमांडरचा होकार आलेला, दुसऱ्याचा नाही. मी कागदावर सही केली नाही.

"ताई, मी माझ्या जबाबदारीवर जाते. लिहून देते," ती म्हणाली.

"तू देशील गं. गाडी कोण चालवणार?"

"तो तयार आहे. मी विचारलंय त्याला."

मग ती गीतेवर आली. वर्ध्याकडची, घरात विनोबांची गीताई पाठ असणारी. तिचं म्हणणं साधं होतं. मुलं मरताहेत, जाणं हे आपलं कर्म, पुढे काय होईल ते आपल्या हाती नाही, मग फळाला कशाला भ्यायचं? हे आमच्याकडच्या चांगल्यात चांगल्या माणसांच्या तोंडी असतं. मुसलमान सहकारी तेच अल्लाच्या हवाली करून म्हणतात, आयर्लंडच्या एका नर्सबाई क्रूसाकडे बोट दाखवून म्हणायच्या. ज्याला स्वतःसाठी काहीच नको, त्याला थांबवणं सगळ्यात अवघड. पगारासाठी आलेला माणूस 'परत फिरा' म्हटलं की फिरतो.

मी तिला अठराव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक काढायला सांगितला. पुढे काय ओढवेल, काय गमवावं लागेल, कुणाला इजा होईल आणि आपली ताकद किती, हे न बघता मोहानं आरंभलेल्या कर्माला गीता तामस म्हणते. आमचा जोखमीचा तक्ता याहून वेगळं काय विचारतो? त्यातही हेच रकाने असतात. फळाची आस सोडणं निराळं आणि फळाचा अंदाजच न घेणं निराळं. आणि फळ ज्याच्या अंगावर पडणार तो मी नसेन, तर ते सोडून देणारी मी कोण? अर्जुनाला जे सांगितलं ते स्वतः रथात उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं होतं. ते सही करणाऱ्यानं आपल्या सोयीसाठी उचलायचं नाही.

मात्र ती जे म्हणत होती त्यातलं एक मला आजही झटकता येत नाही. माझ्या 'नाही'नंही माणसं मरतात. गाडीवर गोळी चालली तर चौकशी बसते, अहवाल येतो. गाडी गेलीच नाही म्हणून दगावलेली पोरं सुरक्षेच्या कुठल्याही नोंदवहीत येत नाहीत. म्हणून आमच्या खात्याला एक आंधळेपण जडतं: उंच भिंतीच्या आत सगळे सुखरूप आहेत, म्हणजे काम फत्ते. तसं असेल तर घरीच बसावं की. जोखीम किती, एवढंच विचारून भागत नाही. ती कशासाठी, हेही त्याच कागदावर लिहावं लागतं. आढावा बैठकीसाठी मी जो रस्ता नाकारीन, तोच गोवरासाठी कदाचित मंजूर करीन. त्या दिवशी दुसरा होकार आला असता तर मी सही केली असती, आणि तरी तो रस्ता निर्धोक झाला नसता.

आता ड्रायव्हरकडे येते, कारण खरी गाठ तिथंच आहे. महाभारतात युद्धाच्या चौदाव्या रात्री कृष्ण घटोत्कचाला कर्णावर सोडतो. कर्णाजवळ इंद्रानं दिलेली शक्ती आहे, एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली. ती घटोत्कचावर खर्ची पडते. भीमाचा मुलगा पडतो, पांडव रडतात, आणि कृष्ण आनंदानं नाचू लागतो. कारण विचारलं तर तो ते दडवत नाही, सरळ सांगतो. आमच्या क्षेत्रात घटोत्कच फार झाले, पण कृष्णाचा तो उघडेपणा नाही. धोका वाढला की परदेशी माणसं विमानानं बाहेर काढली जातात आणि काम स्थानिकांकडून 'दुरून' चालवलं जातं. रवांडात एप्रिल १९९४ मध्ये परदेशी माणसं उचलली गेली, त्यांचे रवांडी सहकारी मागे राहिले. ऑगस्ट २००६ मध्ये श्रीलंकेत मुत्तूरला एका फ्रेंच संस्थेचे सतरा कर्मचारी त्यांच्याच कचेरीच्या आवारात मारले गेले. सगळे तिथलेच, सोळा तमिळ आणि एक मुसलमान, अंगात संस्थेचे टी-शर्ट. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यानुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य आपापल्या देशातच काम करत होते.

'त्याला तिथली माहिती आहे, त्याला कुणी हात लावणार नाही,' असं स्थानिक माणसाबद्दल बोलायची सवय आहे. अर्धवट खरं. दक्षिण सुदानात नुएर ड्रायव्हर एका नाक्यावर घरचा असतो, आणि पुढच्याच नाक्यावर मला नसलेला धोका त्याला असतो. त्याच्या भाषेवरून, कपाळावरच्या खुणांवरून तो ओळखला जातो. संस्थेचं ओळखपत्र नंतर बघतात.

आणि त्याचा होकार? आमच्या त्या ड्रायव्हरची मुलं युगांडात शिकत होती, फी त्याच्या पगारातून जायची. डॉक्टरनं त्याला विचारलं ते गाडीजवळ, चारचौघांत, लशीचे डबे भरलेले असताना. तो 'हो' म्हणणार नाही तर काय म्हणेल? चिलयानं अतिथीला 'हो' म्हटलं तेव्हा व्रत आधीच घेतलेलं होतं आणि आई-बाप वाट बघत होते. ती संमती खोटी होती असं मी म्हणत नाही. पोरगं मनापासून तयार असेल. पण नकाराला जागाच ठेवलेली नसेल, तर होकारावर किती भार टाकायचा?

म्हणून मी काही गोष्टी हट्टानं लावल्या. ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळी एकट्यालाच विचारायचं. 'नाही' म्हटलं तर कारण मागायचं नाही, पगार किंवा पाळी कापायची नाही. विमा डॉक्टरला जेवढा तेवढाच त्याला. आणि होकार मिळाला म्हणून माझं काम संपलं असं धरायचं नाही. केन्यातल्या दादाब छावणीत २०१२ मध्ये नॉर्वेच्या एका संस्थेच्या ताफ्यावर हल्ला झाला, चौघांना पळवून नेलं. त्यांतल्या एका कॅनडियन कर्मचाऱ्यानं संस्थेवर दावा लावला, आणि २०१५ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयानं संस्थेचा घोर निष्काळजीपणा मानला. 'धोका ठाऊक असून तो आला होता' एवढ्यावर सुटका होत नाही, हे त्या दिवसापासून आमच्या सगळ्या कचेऱ्यांना कळलं. त्याच हल्ल्यात एक केनियन ड्रायव्हर जागीच ठार झाला होता. कायद्याच्या पुस्तकात गेलं ते वाचलेल्याचं प्रकरण.

आमच्या ड्रायव्हरला मी त्या रात्री वेगळं बसवून विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, रस्त्याचं मला विचारू नका, नोकरीचं विचारा. ही नोकरी नको म्हणायची सोय आहे का मला? याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

वर्ध्याची डॉक्टर हल्ली दुसऱ्या देशात आहे. ती अजून मला पटलेली नाही, मी तिला नाही. मध्यंतरी तिचा मेल आला: ताई, पंचविसाव्यावर थांबलात, तीन श्लोक पुढे वाचा. अठ्ठाविसाव्यात तामस कर्त्याची लक्षणं आहेत, आणि त्यांत आळशी आणि दीर्घसूत्री हेही येतात. आजचं काम उद्यावर ढकलणारा. तुमच्या खात्याला शोभतं की नाही ते सांगा.

मी वाचलं. तिनं बरोबर पकडलं होतं. मी ज्या तळावरून हे उत्तर लिहायला बसले, तिथला रस्ता त्या दिवशीही बंद होता, आणि दुसऱ्या बाजूच्या कमांडरचा फोन लागत नव्हता.