सोसण्याचं कौतुक

नागपूरच्या लकडगंजात एखाद्या लाकडाच्या टालीसमोर ट्रक रिकामा होत असेल, तर थोडा वेळ थांबून पाहावं. फूटभर व्यासाचा, दहा फूट लांबीचा सागाचा ओंडका वाळलेला असला तरी वजनाला सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात जातो. ओला असेल तर विचारूच नका. तो चौघं मिळून उचलतात. खांद्यावर गोणपाटाची घडी, आणि पावलं एका ठेक्यात. ठेका चुकून चालत नाही. एकाचा तोल गेला की भार इतरांच्या अंगावर येतो. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान वापरल्याचं 2023 मध्ये अभिमानानं छापून आलं. असं लाकूड कोणाच्या खांद्यांवरून पुढे जातं, ही बातमी नसते.

हे काम पाहणारा माणूस बहुधा एकच वाक्य बोलतो : "काय कष्टाळू लोक आहेत हो, आणि तरी कुरकुर नाही!" वाक्य मनापासूनचं असतं. तरी ते तपासून पाहायला हवं, कारण ते बोलून झालं की आपली जबाबदारी संपल्यासारखं वाटतं.

याच शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जाईबाई चौधरी नावाची दलित मुलगी ओझी वाहायची. 1892 चा तिचा जन्म, उमरेडचा. 1896 च्या दुष्काळात घरच्यांनी गाव सोडून नागपूर गाठलं. लहान वयात लग्न झालं आणि नागपूर ते कामठी डोक्यावर ओझं घेऊन जाण्याचं काम नशिबी आलं. कोणी म्हणालं असतं, केवढी सोशिक पोर! पण एका मिशनरी बाईंना तिच्या हुशारीची जाण आली आणि त्यांनी तिला महिना चार रुपयांवर शाळेत शिकवण्याचं काम दिलं. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी विरोध केला, आणि ती नोकरी गेली. पुढे 1922 मध्ये जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. ओझं निमूट वाहणं त्यांना जमत होतं. पण त्यांची आज आपण आठवण काढतो ती ज्या दिवशी ते त्यांनी निमूट मानलं नाही, त्या दिवसासाठी.

तीन पिढ्यांचा हिशेब पाहायचा तर कौसल्या बैसंत्री यांचं 'दोहरा अभिशाप' हे आत्मकथन आहे. नागपुरात 1926 मध्ये जन्मलेल्या कौसल्याबाईंनी ते हिंदीत लिहिलं आणि ते 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या आजीचा दुसरा संसार मारहाणीचा होता. एका रात्री ती पोरांना घेऊन घराबाहेर पडली आणि पायी नागपूरला आली. इथे बांधकामावर घमेली उचलली, पण मागे फिरली नाही. आई आणि वडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये राबले. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा प्रभाव होता, जाईबाईंसारख्या कार्यकर्त्यांचा आग्रह होता. त्या आईनं मुलींना शिकवायचं ठरवलं आणि तडीस नेलं. नात शिकली, चळवळीत आली.

आता या घराला वर कशानं आणलं, ते मोजू. आजीचा नकार. मिलचे दोन पगार. शाळा, आणि मुलींना तिथे पाठवा म्हणून मागे लागणारी माणसं. यातली एकच गोष्ट घरातली आहे, बाकीची बाहेरून यावी लागली. नुसती सोशिकता असती तर आजीचं घमेलं आईच्या डोक्यावर आणि आईचं नातीच्या डोक्यावर आलं असतं. सोसणं तेवढं वारशानं येतं, सुटका मात्र कोणीतरी उभी करावी लागते.

आणि सगळं गोड झालं असंही नाही. शिकलेल्या, घरादाराच्या कौसल्याबाईंनाही संसारात छळ सोसावा लागला आणि चाळीसेक वर्षांनी नवऱ्यापासून वेगळं व्हावं लागलं. जात आणि बाईपण असा दुहेरी शाप त्यांनी पुस्तकाच्या नावातच मांडला. 1877 मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. ज्या पगारावर एक पिढी शिकली, तो पगारच पुढच्यांच्या वाट्याला आला नाही. मग त्या पोरांनी चिवटपणा दाखवावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

महाराष्ट्रानं 1969 मध्ये माथाडी कायदा केला. हमालाची नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्य निर्वाह निधी असावा, हा त्याचा गाभा. हमालाच्या सोशिकतेवर भाषणं ठोकण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. सोसणाऱ्याला आणखी सोसायला लावू नये, एवढी साधी नीती त्यात आहे. पण कायदा कागदावर असून भागत नाही. नोंदीच्या बाहेर राहिलेला हमाल आजही खांदा दुखला तर त्या दिवसाची मजुरी गमावतो.

आपल्या हातात काय आहे? दाराचं, पलंगाचं लाकूड घेताना घासाघीस होते, ती शेवटी सर्वात खालच्या माणसाच्या मजुरीत वसूल होते, एवढं ध्यानात ठेवता येईल. घरी सामान चढवणाऱ्याशी तिसऱ्या मजल्याचे पन्नास रुपये कापायला भांडू नये. त्याची मुलगी कितवीत आहे हे विचारावं, आणि नुसतं विचारून थांबू नये. ज्याला ओझं उचलण्याशिवाय दुसरा मार्गच ठेवला नाही, त्याच्या सहनशीलतेला गुण म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कौतुक करायचंच असेल, तर ते मजुरीत दिसू द्यावं.