मुलाचे भवितव्य आणि माणसाचा अंदाज

परोक्षाचे ज्ञान केवळ अल्लाहकडे आहे, ही आपली श्रद्धा आहे. उद्या आपल्या हातून काय घडणार हे कोणताही जीव जाणत नाही, असे सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीतून आपण शिकलो आहोत. मग 15-16 वर्षांच्या मुलाविषयी ‘याच्याकडून पुढे हिंसा घडण्याचा धोका अधिक आहे’ असे लिहून देण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो?

हा प्रश्न एका मातेने मला इशाच्या नमाजनंतर विचारला. तिचा मुलगा मारामारीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे उभा होता. समुपदेशक बाईंनी कागदावर ‘जोखीम अधिक’ असा शेरा लिहिला होता. ती म्हणाली, “इमामसाहेब, उद्याचं सांगणाऱ्याकडे जाणं हराम आहे असं तुम्हीच खुतब्यात सांगता. मग या बाईंकडे मी पोराला परत कशाला नेऊ?” तर्क वरवर बिनतोड वाटतो. आपल्या घरांतून तो अनेकांच्या मनात असतो. शेजाऱ्यांची लाज त्याला बळ देते, आणि मूल उपचाराविना राहते.

या प्रश्नाचे मूळ सूरह कहफमध्ये आहे. तेथे अल्लाहचा एक दास, हदीसमध्ये ज्यांचे नाव खिज्र (अ.) आले आहे, एका मुलाचा जीव घेतो. कारण पुढे कळते: तो मुलगा मोठा होऊन आपल्या श्रद्धावंत आईबापांना बंडखोरीने आणि कुफ्रने ग्रासेल अशी भीती होती. हजरत मूसा (अ.) यांनी तत्क्षणी आक्षेप घेतला, कारण त्या मुलाने कोणाचाही जीव घेतलेला नव्हता. शरीअतच्या दृष्टीने तो आक्षेप योग्यच होता. पुढे नजदा नावाच्या खारिजी पुढाऱ्याने युद्धातील मुलांविषयी पत्राने विचारणा केली, तेव्हा हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांनी याच घटनेचा आधार घेतला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की खिज्र यांना त्या मुलाविषयी जे ज्ञान होते ते तुझ्यापाशी असेल तरच मुलांवर हात टाक. सहीह मुस्लिममध्ये ही रिवायत आहे. ते ज्ञान कोणापाशीही नाही, म्हणून न घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला देण्याचा दरवाजा कायमचा बंद झाला.

परंतु मुलाचे निरीक्षण करण्याचा दरवाजा मात्र कुरआननेच उघडला आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत पालकांना आदेश आहे, की अनाथ मुलांची पारख करीत राहा, आणि विवाहयोग्य वयात पोहोचल्यावर त्यांच्यात ‘रुश्द’ म्हणजे समंजसपणा दिसला तर त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा. देह वयात येणे आणि बुद्धी वयात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे किती सहज मांडले आहे! येथील पारख मुलाचा हक्क सुरक्षित राहावा म्हणून आहे. (इमाम अबू हनीफा यांनी तर म्हटले, की 25 वर्षे पूर्ण झाल्यावर समंजसपणा दिसो वा न दिसो, त्याची मालमत्ता अडवून ठेवता येणार नाही. पारखही अनंतकाळ चालू ठेवायची नसते.)

त्या बाईंच्या हाती जो कागद असतो तो यापैकी कोणत्या जातीचा? या शास्त्रात ‘सॅव्हरी’ नावाची, 12 ते 18 वयोगटासाठी बनवलेली एक पद्धत आहे. तीत जोखमीच्या 24 बाबी तपासतात: पूर्वीची हिंसा, घरात पाहिलेली मारहाण, लहानपणी सोसलेला छळ, संगत, नशा, रागावरचा ताबा, शाळेतील गती. याखेरीज सहा बाबी मुलाला सावरणाऱ्या असतात. जिव्हाळ्याचा मोठा माणूस आणि शाळेची ओढ त्यांत येतात. गुणांची बेरीज करून निकाल लावायचा नसतो. प्रशिक्षित व्यक्तीने सर्व बाबी पडताळून धोका कमी, मध्यम की अधिक हे ठरवायचे, आणि त्यावरून उपचाराची आखणी करायची. भविष्यवेत्ता जे होणार ते सांगतो. येथे काय केले तर ते होणार नाही याचा शोध असतो. भरलेले आभाळ पाहून शेतकरी खळ्यावर ताडपत्री टाकतो, त्याला आपण ज्योतिषी म्हणत नाही.

तरीही त्या मातेची भीती अगदीच निराधार नव्हती. वस्तीतील अव्यवस्था ही त्या 24 बाबींपैकी एक आहे. गल्लीतील गटार, बेकारी आणि पोलिसांच्या फेऱ्या यांचा भार नकळत मुलाच्या नावावर चढू शकतो. अपुरे शिकलेला मनुष्य मुलाची टोपी, त्याची भाषा, त्याचे गप्प बसणे हेही जोखीम म्हणून वाचील. सूरह हुजुरातमध्ये ज्या संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे तो हाच. शिवाय हे वयच निसरडे आहे. टेरी मॉफिट यांनी 1993 साली मांडलेला सिद्धान्त असा, की किशोरवयात वाट चुकणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुले मोठी होताना आपोआप सावरतात. आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारे थोडे असतात. वरून दोघे सारखेच दिसतात. ओळखण्याचे काम म्हणूनच अवघड.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय असा, की वैद्यक न जाणता जो उपचार करील त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी राहील. अबू दाऊदमध्ये ती आहे. मला वाटते, हिचा लाभ देहाच्या रुग्णाइतकाच मनाच्या रुग्णालाही मिळाला पाहिजे. आपल्या देशाचा 2015 चा बाल न्याय कायदा 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास कलम 15 नुसार त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करायला सांगतो. त्यावरून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालावा का, हे ठरते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम नाजूक असल्याचे सांगून बजावले, की मंडळात बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकारशास्त्राचा पदवीधर नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक राहील. मुलाचे उभे आयुष्य ज्या कागदावर तोलले जाते, तो भरणाऱ्याचे शिक्षण ही किरकोळ बाब नव्हे.

म्हणून मी त्या मातेला सांगितले, की बाईंकडे अवश्य जा, आणि मुलगा कोणाचे ऐकतो तेही सांगा. मामाच्या गॅरेजवर तो संध्याकाळी बसतो, मकतबचे उस्ताद त्याला ओळखतात, ही माहिती घरच्यांखेरीज कोण देणार? आपण मार तेवढा लपवतो आणि त्याबरोबर जिव्हाळाही लपवून बसतो. आणि शेरा चुकीचा वाटला तर तो कशावरून लिहिला, हे विचारायला संकोचू नका.

सूरह कहफच्या त्या प्रवासात आणखी एक प्रसंग आहे. ज्या गावाने पाहुणचार नाकारला, तेथील कोसळू पाहणारी भिंत खिज्र (अ.) यांनी मजुरी न घेता उभी केली. तिच्याखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता, आणि ती मुले जाणती होईपर्यंत तो सुरक्षित राहावा अशी अल्लाहची इच्छा होती. पहिल्या मुलाविषयीचे ज्ञान आपल्याला दिलेले नाही. भिंत बांधण्याचे काम मात्र कोणालाही शिकता येते.

इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये वैद्यकाला फर्जे किफाया ठरवले आणि लोक ते सोडून फिक्हच्या वादांकडे धावतात अशी खंतही नोंदवली. आम्हा मौलवींना ते वाक्य अजून टोचते, टोचायलाच हवे. बेंगळुरूचे निम्हान्स किंवा मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था येथे हे शिक्षण मिळते. आपल्या जमातीतील बारावी झालेल्या मुलींपैकी कोणाला मानसशास्त्र वा समाजकार्य शिकायचे असेल, तर तिच्या शुल्काचा विषय मशीद कमिटीच्या पुढच्या बैठकीत घ्या. रमजानच्या खर्चाचा हिशेब मांडायच्या आधी घ्या.