नेमलेली स्थाने : षट्चक्रांचा विचार आणि आजचे जगणे

पाठीच्या कण्याच्या रेषेवर, मूलाधारापासून भ्रूमध्यापर्यंत, सहा चक्रे आहेत आणि त्यांच्याही वर मस्तकात सहस्रदळांचे कमळ आहे, ही कल्पना आज इतकी सर्वपरिचित झाली आहे की ती एका विशिष्ट काळात आणि साधनेच्या विशिष्ट गरजेतून घडत गेली, याचा सहसा विसर पडतो. प्राचीन उपनिषदांत नाड्यांचा विचार आढळतो; हृदयातून निघून मस्तकाकडे जाणाऱ्या एका नाडीचा उल्लेख छांदोग्य आणि कठ या दोन्ही उपनिषदांत आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात नाभिचक्र, कंठकूप, हृदय आणि मूर्धज्योती या स्थानांवर संयम केल्याची फळेही सांगितली आहेत. परंतु सहा चक्रांची ओळखीची मालिका यांपैकी कोठेच नाही. ती दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘कुब्जिकामत’ या तंत्रग्रंथात दिसू लागते, आणि बंगालमधील पूर्णानंद यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या प्रकरणात तिला ते रेखीव रूप मिळते, जे पुढे १९१९ मध्ये जॉन वुडरॉफ यांच्या इंग्रजी अनुवादामुळे जगभर प्रमाण मानले गेले.

त्याआधीच्या आणि त्याच काळातल्या इतर परंपरा मात्र वेगळी गणना करतात. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ‘सिद्धसिद्धांतपद्धती’त नऊ चक्रे आहेत, तर तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ दहा मोजतो. चक्र हा देहाचा अवयव असता तर त्याची संख्या ग्रंथागणिक बदलली नसती, आणि एका परंपरेने दुसरीला खोटे ठरवले असते. तसे घडले नाही, कारण चक्र हे शोधून काढायचे स्थान नसून साधकासाठी नेमलेले स्थान आहे: गुरू ज्या क्रमाने आणि ज्या ठिकाणी चित्त स्थिर करायला सांगतो, तेथे देवता, बीजाक्षर आणि आकृती यांची स्थापना करून साधक स्वतःच्या देहालाच उपासनेचे क्षेत्र बनवतो. चक्रांविषयीच्या आधुनिक काळातील बहुतेक गोंधळाचे मूळ हा भेद सुटण्यात आहे.

हा भेद सुटला की काय होते, याची दोन उदाहरणे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत सापडतात. स्वामी दयानंद सरस्वतींनी आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे की, गंगेत वाहत आलेले एक प्रेत काढून त्यांनी ते चिरून पाहिले आणि हठयोगाच्या ग्रंथांत वर्णिलेली चक्रे त्यात न आढळल्याने ते ग्रंथ नदीत टाकून दिले. याउलट मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ च्या आपल्या पुस्तकात कुंडलिनी म्हणजे मेंदूपासून उदरापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतूच होय, असे प्रतिपादन केले, आणि त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणाऱ्या वुडरॉफ यांनीच या समीकरणाशी मतभेद नोंदवला. एकाने चक्रे नाकारली आणि दुसऱ्याने त्यांचे समर्थन केले, तरी दोघांचे गृहीतक एकच होते: चक्र खरे असेल तर ते मांसात सापडले पाहिजे. दयानंदांचा प्रामाणिकपणा आणि रेळ्यांची तळमळ या दोन्हींबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, त्यांनी विचारलेला प्रश्न तंत्रग्रंथांचा नव्हता.

तंत्रग्रंथांचा प्रश्न कोणता होता, हे चक्रांच्या रचनेतूनच कळते. मूलाधाराला चार दळे, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपूराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा आणि आज्ञाचक्राला दोन, अशी एकूण पन्नास दळे होतात, आणि प्रत्येक दळावर वर्णमालेतील एक अक्षर असते. कंठातील विशुद्धावर सोळा स्वर, हृदयातील अनाहतावर ‘क’पासून ‘ठ’पर्यंतची अक्षरे, नाभीच्या मणिपूरावर ‘ड’पासून ‘फ’पर्यंतची, स्वाधिष्ठानावर ‘ब’पासून ‘ल’पर्यंतची, मूलाधारावर ‘व, श, ष, स’ आणि भ्रूमध्यात ‘ह’ व ‘क्ष’. मराठी मूल शाळेत पहिल्या वर्षी जी बाराखडी गिरवते, तिचीच मूळ अक्षरे येथे देहभर मांडलेली आहेत, कारण या परंपरेच्या दृष्टीने सृष्टी वाणीतून प्रकट झाली आणि मनुष्यदेह त्या वाणीचेच शेवटचे, सर्वांत घट्ट रूप आहे. त्याचबरोबर खालच्या पाच चक्रांत अनुक्रमे पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आकाश ही महाभूते असून ‘लं, वं, रं, यं, हं’ ही त्यांची बीजे आहेत. साधना म्हणजे या मांडणीतून उलट प्रवास करणे: पृथ्वीचा जलात, जलाचा अग्नीत, अग्नीचा वायूत आणि वायूचा आकाशात लय करत कुंडलिनी, म्हणजे मूलाधारात वेटोळे घालून असलेली शक्ती, वर जाते आणि मस्तकात शिवाशी एकरूप होते. देवपूजेच्या आरंभी केली जाणारी भूतशुद्धी आणि अंगांना स्पर्श करत मंत्रांची स्थापना करणारा न्यास, हे विधी महाराष्ट्रातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. ते करणाऱ्या कित्येकांना आपण याच विचाराचा संक्षेप आचरत आहोत, याची जाणीवही नसेल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. जुन्या ग्रंथांचे उद्दिष्ट चक्रांचे भेदन आणि लय हे आहे. प्रत्येक चक्र आपापल्या जागी सुरळीत, संतुलित ठेवून संसारात सुखी व्हावे, अशी योजना त्यांत नाही. संतुलनाची ही भाषा, तसेच मूलाधार तांबडे, अनाहत हिरवे, सहस्रार जांभळे अशी इंद्रधनुष्याच्या क्रमाने येणारी रंगांची मांडणी, ही विसाव्या शतकाची, आणि तिच्या आजच्या रूपात मुख्यतः १९७० च्या दशकातील अमेरिकेची देणगी आहे. त्यापूर्वी १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांचे पुस्तक आले होते आणि १९३२ मध्ये झुरिच येथे कार्ल युंग यांनी कुंडलिनी योगावर मानसशास्त्रीय व्याख्याने दिली होती. त्या दोन प्रवाहांतून चक्रांकडे मनाच्या विकासाच्या पायऱ्या म्हणून पाहण्याची सवय रुजली. पूर्णानंदांच्या वर्णनात हृदयातील कमळ दुपारीच्या तांबड्या फुलासारखे, म्हणजे बंधूक पुष्पाच्या वर्णाचे आहे आणि नाभीतले कमळ पाण्याने भरलेल्या मेघासारखे सावळे आहे. तरीही नवी मांडणी केवळ नवी असल्यामुळे टाकाऊ ठरत नाही. सामान्य माणसाला संसार सोडून लययोग साधायचा नसतो. त्याला आपले मन आणि देह समजून घ्यायचे असतात, आणि ही गरज खरी आहे. प्रश्न इतकाच की तिला उत्तर देण्यासाठी परंपरेत काही आधार आहे का.

तो आहे, आणि तो देवगिरीत आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारी, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मूळच्या काश्मिरी घराण्यातील शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि गायनाचा नाद देहातून उठतो म्हणून स्वरांच्या विवेचनाआधी देहाचे विवेचन केले. त्या पिंडोत्पत्तीच्या प्रकरणात चक्रांच्या दळांवर अक्षरांऐवजी मनोवृत्ती येतात. मणिपूराच्या दळांवर तृष्णा, ईर्षा, चहाडखोरी, लज्जा, भय, घृणा, मोह आणि विषाद आहेत. अनाहताच्या दळांवर आशा, चिंता, वितर्क, पश्चात्ताप, दंभ, विवेक आणि अहंकार आहेत. जीव या कमळाच्या काही दळांवर असताना गायन साधते आणि काही दळांवर असताना ते बिघडते, असेही शार्ङ्गदेव सांगतो. कंठातल्या विशुद्धावर प्रणव, उद्गीथ, स्वाहा, नमः आणि षड्जादी सात स्वर यांच्या पंक्तीतच एका दळावर अमृत आहे आणि दुसऱ्यावर विष.

या मांडणीचे मोल सहज लक्षात येण्यासारखे नाही, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. आज हृदयचक्र म्हणजे प्रेम आणि ते ‘उघडले’ म्हणजे माणूस प्रेमळ होतो, असे सांगितले जाते. शार्ङ्गदेवाचे हृदय इतके एकरंगी नाही. तेथे विवेक आणि अहंकार एकाच कमळावर आहेत, पश्चात्ताप आणि दंभही तेथेच राहतात, आणि जीव भुंग्यासारखा या दळावरून त्या दळावर फिरत असतो. त्यामुळे बिघाड चक्राचा नसतो, आणि ते बंदही पडलेले नसते. जीव त्या घडीला कोठे बसला आहे, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याला तेथून उठता येते. नोकरीतल्या बढतीच्या यादीत आपले नाव नाही हे कळल्यावर, किंवा रात्री मोबाइलवर परिचितांच्या घरांची आणि सहलींची छायाचित्रे पाहताना पोटात जे आवळल्यासारखे होते, ते नाभीच्या कमळावरच्या ईर्षेचे आणि तृष्णेचे स्थान आहे, असे ओळखणाऱ्याला त्या भावनेशी झगडावे लागत नाही आणि तिच्यात वाहूनही जावे लागत नाही. तिचे ठिकाण कळते. त्या ठिकाणी काही श्वास लक्ष ठेवणे, ‘रं’ या बीजाचे मनात उच्चारण करणे आणि ती वृत्ती ओसरताना पाहणे, इतके साधन घरी, प्रवासात किंवा कार्यालयात कोणालाही करता येते. त्याच न्यायाने, रागाच्या भरात संदेश पाठवण्यापूर्वी कंठाशी क्षणभर थांबणे म्हणजे विष आणि अमृत यांतली निवड जेथे होते, त्या जागी जागे राहणे होय. या अर्थाने चक्रांचे संतुलन ही अगदी सार्थ गोष्ट आहे.

श्वास मंदावण्याचे शारीरिक परिणाम मोजताही आले आहेत. इटलीतील ल्युचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की, ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहा इतकी होते आणि हृदय व रक्तदाब यांच्यातील नियमन सुधारते. याने चक्रांचे अस्तित्व सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. जपाने देह शांत होतो, हे जपणाऱ्यांचे म्हणणे मात्र त्यामुळे तपासून खरे ठरते. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी हीच शिस्त घालून दिली होती: योगक्रियांचे जे परिणाम मोजता येतात ते प्रयोगशाळेत मोजावेत, आणि जे मोजता येत नाहीत त्यांच्यावर विज्ञानाचा शिक्का मारू नये.

ही शिस्त सुटते तेव्हा माणसांना इजा होते. थायरॉईडचा विकार झालेल्या स्त्रीला ‘तुम्ही मनातले बोलत नाही म्हणून कंठचक्र बंद आहे’ असे सांगणे, किंवा मूल न होणाऱ्या दांपत्याच्या दुःखाचे खापर त्यांच्या स्वाधिष्ठानावर फोडणे, हे आधीच आजारी असलेल्यावर दोषाचे ओझे लादणे आहे. चक्रांच्या दळांवर शार्ङ्गदेवाने वृत्ती मांडल्या, रोगनिदान मांडले नाही. देहाच्या व्याधींसाठी त्याच काळात आयुर्वेद हे स्वतंत्र शास्त्र होते आणि आज वैद्यकशास्त्र आहे. थायरॉईडची गोळी घेत असतानाच कंठस्थानी ध्यान करण्यात कोणताही विरोध नाही. ध्यानासाठी गोळी बंद करण्यास सांगणाऱ्याकडे मात्र पुन्हा जाऊ नये.

शार्ङ्गदेवानंतर काही दशकांतच, त्याच यादवांच्या राज्यात, नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ या परंपरेतून आलेले कुंडलिनीचे ज्ञान त्यांनी सहाव्या अध्यायात, आसनविधीच्या श्लोकांच्या निमित्ताने, उघड केले; वास्तविक गीतेच्या त्या श्लोकांत कुंडलिनीचे नावही नाही. दळे आणि रंग मोजत बसण्यात त्यांना रस नाही. मूळबंध बसल्यावर अपान कसा मागे फिरतो, शक्ती कशी जागी होते, देहातील भूते एकामागून एक कशी गिळली जातात आणि शेवटी पिंडच पिंडाला कसा ग्रासतो, ही प्रक्रिया ते सांगतात, आणि ही नाथपंथाची खूण आहे, असेही म्हणतात. विशेष म्हणजे हे सर्व ऐकल्यावर त्यांचा अर्जुन आपल्या अंगी ही योग्यता नाही असे म्हणून संकोचतो. पुढे बाराव्या अध्यायात याच खडतर मार्गाचे वर्णन पुन्हा येते, तेव्हा भक्तीची वाट सोपी असल्याचे ज्ञानदेव निःसंदिग्धपणे सांगतात, आणि वारकरी संप्रदायाने तीच वाट सर्वांसाठी धरली. कुंडलिनीचे इतके प्रत्ययकारी वर्णन मराठीत पहिल्याने करणारा पुरुषच ती साधना सर्वांवर लादत नाही, हे आजच्या प्रत्येक शिबिरचालकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गीतेच्या त्याच सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो हे सांगताना आहार, विहार, कर्मे, झोप आणि जागरण यांतील प्रमाणाचा उल्लेख येतो, आणि रोजच्या जीवनात चक्रविचार आणू पाहणाऱ्याचा आरंभ तेथूनच व्हायला हवा. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, मांडी घालून पाठ ताठ ठेवून काही वेळ बसण्याची सवय, संथ श्वास, एखाद्या स्थानी लक्ष आणि एखादे नाम किंवा बीज, एवढे कोणीही स्वतःच्या जबाबदारीवर करू शकतो. मूळबंध, उड्डीयान आणि जालंधर हे तीन बंध, तसेच श्वास रोखून धरण्याचा कुंभक, यांची गोष्ट वेगळी आहे: सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळूच वश करावा लागतो तसाच प्राणही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असा स्पष्ट इशारा ‘हठयोगप्रदीपिके’त स्वात्मारामांनी दिला आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा मनोविकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे प्रकार करू नयेत. आणि इतरांनीही ते पुस्तकावरून किंवा चित्रफितीवरून न करता, स्वतः ते वर्षानुवर्षे केलेल्या आणि साधकाची प्रकृती पाहून थांबायला सांगणाऱ्या शिक्षकासमोर बसून शिकावेत.