सूर मुरायला जागा हवी

संध्याकाळी तळोज्यात, पेंधरला मेट्रो रिकामी होते, तेव्हा उतरणाऱ्या गर्दीत एखाद्या पोराच्या पाठीवर गिटारची काळी बॅग दिसते. घर सिडकोच्या इमारतीत, एका खोलीचं. भिंतीपलीकडे एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला कुणीतरी झोपलेला असतो. म्हणून हे पोर कानांना हेडफोन लावून वाजवतं. त्याचं वाजवणं शेजाऱ्याला ऐकू जात नाही आणि त्याच्याबरोबर वाजवू शकणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या पोरालाही नाही. बँडचा आवाज घडतो कसा, बदलतो कसा, याचा विचार करताना मला ही भिंत आधी आठवते.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर प्रतिभेत शोधलं जातं, नाहीतर अस्सलपणात. इंग्रजीत गाणारा, गिटार वाजवणारा मुलगा दिसला की ‘यात आपलं काय?’ हा प्रश्न येतोच. या प्रश्नाला मुंबईच्या एका बँडनं अठ्ठावीस वर्षांत दिलेलं उत्तर मला मोलाचं वाटतं.

१९८४ मध्ये हा बँड ‘रॉक मशीन’ या नावानं सुरू झाला. सुरुवात परदेशी गाण्यांपासूनच झाली, कारण तेव्हाच्या श्रोत्यांना तीच हवी असत. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम काढला, १९९० मध्ये दुसरा. गाणी स्वतःची होती, पण घडण अजून इंग्लंड-अमेरिकेतल्या हार्ड रॉकची होती. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. बदलत चाललेल्या संगीतात भारतीय रंग उतरू लागला होता आणि नव्या नावातच सिंधू आली. १९९५ मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियासाठीचा प्रेक्षक-पसंती पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांत, १९९७ मध्ये, बँड थांबला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि ‘आम्स फॉर शांती’ या बँडमधून भारतीय सुरांच्या आणखी जवळ सरकले. २०१० मध्ये बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया नव्या साथीदारांसह पुन्हा उभे राहिले. २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम ऐकताना जाणवतं, की आता त्यांना काहीच सिद्ध करायचं नाही. रचना लांब, गुंतागुंतीच्या झाल्या आहेत आणि भारतीयपण वेगळं दाखवण्याची गरज उरलेली नाही.

या वाटचालीत मला तीन मुक्काम दिसतात. पहिला नकलेचा. दुसरा ओळख मिरवण्याचा. तिसरा मोकळेपणाचा, जिथे जे अंगात मुरलंय तेच बाहेर येतं. अस्सलपणाचा आग्रह धरणारे दुसऱ्या मुक्कामालाच शेवट समजतात. तबल्याची साथ आली, नाव देशी झालं, की त्यांचं समाधान होतं. उपग्रह वाहिन्यांच्या त्या काळात बाहेरच्या नजरेला भारतीय दिसण्याचा मोहही असणार, हे मी नाकारत नाही. पण पहिले दोन मुक्काम टाळून तिसरा गाठता येत नाही. नक्कल करणाऱ्याला हिणवलं, तर वाटच बंद होते.

आणि ही वाट चालायला व्यासपीठ लागतं. त्या पिढीला धोबी तलावचं रंगभवन होतं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवानं तिथे कित्येक बँडांना हजारोंच्या समोर उभं केलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथलं संगीत बंद झालं. रुग्णालयांजवळ शांतता हवीच, पण तेवढ्याच तोलाची दुसरी जागा शहरानं दिली नाही.

तळोज्याला हे परकं वाटू नये. इथल्या आगरी गावांत हळदीला धवलारीण धवळे गायची, मग बेंजो पार्टी आली. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड असा विजेवर चालणारा ताफा आपल्या मांडवात कधीचाच रुळला. त्यातल्या कुणाला ‘हे आपलं का?’ असं कुणी विचारलं नाही, कारण मांडव आपला होता, चुका सांभाळून घेणारे ऐकणारेही आपलेच. भजनी मंडळाचंही तसंच. देवळाचा सभामंडप भाडं मागत नाही आणि नवा पखवाजवाला लयीला चुकला तर बुवा नुसते डोळ्यांनी सांभाळून घेतात. गावानं जागा दिली, म्हणून तिथे सूर मुरला.

नव्या तळोज्यात हजारो घरं उभी राहिली, पण असा मंडप कुठेच आखला गेला नाही. २०१६ पासून हा भाग पनवेल महापालिकेत आहे. पनवेलला फडके नाट्यगृह आहे, पण ते तयार प्रयोगासाठी. मला हवी आहे ती न झालेल्या प्रयोगाची जागा. संध्याकाळी रिकामी पडणारी शाळेची एक खोली, समाजमंदिराचं एक दालन. भिंतींना आवाज अडवणारं अस्तर, एक ड्रमसेट, दोन अँप्लिफायर, तासाला परवडेल असं भाडं आणि रात्री दहाच्या आत कुलूप. यानं झोपलेल्या कामगाराची झोप मोडणार नाही. उलट त्याचीच मुलगी तिथे ड्रम वाजवायला येऊ शकेल.

पाणी-रस्ते धड नसताना ही चैन कशाला, असं कुणी म्हणेल. पाणी-रस्ते हवेतच, त्यांच्यासाठी भांडायलाही हवं. पण ज्या वस्तीत माणसं फक्त झोपायला परततात, तिच्यासाठी भांडायला तरी कोण उतरेल? एकत्र वाजवणारी चार पोरं एकमेकांचं ऐकायला शिकतात, आणि वस्ती जुळायची सुरुवात अशीच होते.

ही पोरं पहिली दोन वर्षं परक्यांचीच गाणी वाजवतील. वाजवू देत. चौथ्या मजल्यावरच्या पोराला आधी खाली उतरून ती ऐकता येऊ देत.