राखून ठेवलेला घास



नारळी पौर्णिमेला आपले मच्छीमार बांधव सागराला श्रीफळ अर्पण करतात. पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना कायद्यानेच बंदी असते. घेण्यापूर्वी थांबावे, हा या सणातला बोध आहे. हाच बोध दूरदेशीच्या लोकांनी कसा आचरला, ते आज ऐकावे.

फिलिपाईन्स देशात नेग्रोस बेटाजवळ आपो नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्याच्याभोवती समुद्रात प्रवाळभित्ती आहे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सजीवांचे घर होय. सूक्ष्म जीव चुन्याचे कवच रचीत जातात, आणि त्यांच्या आश्रयाला मासे राहतात. कित्येक प्रवाळ वर्षाकाठी सेंटीमीटरभरच वाढतात. सुरुंगाचा एक स्फोट मात्र शतकांची रचना क्षणात उद्ध्वस्त करतो. आपोच्या परिसरात सुरुंग, विष आणि बारीक आसांची जाळी यांमुळे मासळी रोडावली होती.

सिलिमान विद्यापीठातील सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. अँजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी तेथील कोळ्यांशी वर्षानुवर्षे बोलत राहिले. अखेर १९८२ साली काही कुटुंबांनी किनाऱ्यालगतचा सुमारे ४५० मीटर लांबीचा पट्टा, म्हणजे भित्तीचा जवळजवळ दहावा हिस्सा, राखून ठेवला. तेथे कोणीही जाळे टाकायचे नाही आणि पहारा आपणच करायचा, असे ठरले.

सज्जनहो, भरल्या कोठारातून मूठभर देणे सोपे आहे. ज्यांची चूल रोजच्या मासळीवर पेटते, त्यांनी हाताशी असलेले पाणी सोडणे हा खरा त्याग होय. काही वर्षांतच राखीव भागात मासे वाढले, मोठे झाले, आणि हद्दीबाहेरच्या जाळ्यांतही येऊ लागले. प्रथम साशंक असलेली कुटुंबेही या नियमात सामील झाली.

पुढे २०११ आणि २०१२ साली आलेल्या वादळांनी तोच राखीव भाग फार मोडला. मग व्रत व्यर्थ गेले काय? नाही. व्रताने वादळ टळत नाही; मोडलेले पुन्हा वाढू देण्याचा धीर मात्र व्रतानेच येतो.

ते लोक बहुतांशी ख्रिस्ती. त्यांची भाषा, उपासना वेगळी. तरी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञाचा अर्थ त्यांच्या आचरणात दिसतो: जे मिळाले त्यातील काही परत न देता भोगणारा चोर ठरतो. आपण जेवणापूर्वी गोग्रास काढतो, तो याच भावनेने.

गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळही प्रवाळ आहेत. म्हणून निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसह पाण्यात सोडू नये, विसर्जनाची मूर्ती मातीचीच असावी, आणि बाजारात अगदी लहान मासळी दिसली तर ती घेऊ नये. एवढा घास आपण राखला, तरच सागराला वाहिलेला नारळ त्याला पोहोचेल.

ही सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.