प्रार्थनेआधीचा प्रश्न





मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातून आम्ही १४ जण जव्हार-मोखाड्याकडच्या एका मिशन केंद्रात पाच दिवस राहून आलो. खर्चाचा हिशेब चर्चच्या फलकावर लावला आहे, तो सवडीने वाचावा. त्या हिशेबात न मावणारी एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे. ती माझ्याच चुकीची असल्यामुळे मीच सांगितलेली बरी.

केंद्रातल्या सिस्टरांनी आमच्यासाठी नऊ घरे निवडली होती. प्रत्येक घरात एखादे अपंग मूल किंवा माणूस होते. (सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असे लिहितात. पाड्यावर तो शब्द मला एकदाही ऐकू आला नाही. तिथे मुलाला त्याच्या नावाने हाक मारतात.) आम्ही गीतांच्या प्रती, जपमाळा, बिस्किटांचे पुडे असे बरेच काही नेले होते. सिस्टर म्हणाल्या, "हे सगळं गाडीतच राहू द्या. एका घरात तिघांपेक्षा जास्त जाऊ नका. गेल्यावर आधी नुसतं बसा." आम्ही होकार भरला आणि पहिल्याच घरात सात जण शिरलो.

कारवीच्या कुडाचे घर, शेणाने सारवलेले. कोपऱ्यात गोधडीवर ११ वर्षांचा मुलगा. दिसायला सहा-सात वर्षांचा वाटत होता. हातपाय ताठर, मान एका बाजूला, पण नजर अगदी जागी. जन्मला तेव्हा तो रडला नव्हता, असे आई म्हणाली. बाहेर पाऊस आणि बाळंतपण घरातच झालेले. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे हे त्याचे एक कारण असते. ही अवस्था औषधाने जात नाही, पण नियमित व्यायामाने आणि नीट बसवण्या-उचलण्याने मुलाचे जगणे पुष्कळ सुसह्य होते. पुष्कळ मुलांना बोलता येत नसले तरी सगळे कळत असते. या मुलालाही कळत होते.

हे सारे मला सिस्टरांनी नंतर समजावले. त्या क्षणी मी काय केले? सरळ पुढे झालो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. प्रभू, या बालकाला उभा कर, चालता कर. आमच्या मंडळींनी एकमुखाने 'आमेन' म्हटले. त्या आवाजाने मुलगा दचकला आणि त्याचे सगळे अंग लाकडासारखे ताठ झाले. त्याला मांडीवर घेऊन सैल करण्यात आईचा पाव तास गेला. ती आम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. आम्ही बाहेर पडल्यावर तिने सिस्टरांना विचारले, "फादर पुढच्या वर्षी आले आणि हा उभा नसला, तर माझंच काही चुकलं असं म्हणतील का?"

रात्री सिस्टरांनी मला हे सांगितले तेव्हा मला जेवण गेले नाही. या बाईने आजवर काय काय ऐकून घेतले आहे, तेही त्यांनी सांगितले. पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हे शेजारणींचे म्हणणे. भगताने दोन कोंबड्या घेतल्या आणि घराण्यावरचा कोप सांगितला. मग कुठूनतरी आलेल्या प्रार्थना करणाऱ्या मंडळींनी सांगितले की, तुझा विश्वास कमी पडतो. या तीन ओझ्यांवर चौथे ठेवून मी समाधानाने बाहेर पडलो होतो.

बंधुभगिनींनो, आजाऱ्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करू नये, असे मी म्हणत नाही. ख्रिस्तसभा रोज ती करते, रुग्णाभ्यंग हा तर आपला संस्कारच आहे. पण लूर्डचे उदाहरण घ्या. १८५८ पासून तिथे लाखो आजारी माणसे गेली. ख्रिस्तसभेने कसून चौकशी करून मान्य केलेले चमत्कार शंभरही नाहीत. मग उरलेल्यांचा विश्वास तोकडा होता का? जिला पवित्र मरियेचे दर्शन झाले त्या संत बर्नदेतला दम्याने जन्मभर छळले आणि १८७९ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, ती हाल सोसत गेली. तिच्या विश्वासाला कमी म्हणण्याची आपली प्राज्ञा आहे काय?

त्या रात्री केंद्राच्या ओट्यावर बसून आम्ही संत मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडतो आहे. त्याला काय कमी आहे हे साऱ्या गर्दीला दिसते आहे. तरीही प्रभू त्याला जवळ बोलावून आधी विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. सर्व जाणणारा प्रभू विचारतो, आणि काहीच न जाणणारा मी विचारले नव्हते. मग दुसरा अध्याय वाचला. चार जण पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात. (ज्याचे छप्पर उघडले त्या घरमालकाचे पुढे काय झाले, हे संत मार्क सांगत नाही.) तिथे प्रभूने विश्वास पाहिला तो उचलून आणणाऱ्यांचा. खाटेवरच्या माणसाचा विश्वास मोजल्याचा उल्लेखही नाही. आपण मात्र आजाऱ्याचा आणि त्याच्या आईचा विश्वास मोजायला निघतो, आणि खाट उचलायचे विसरतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे-तिघे गेलो, बसलो आणि विचारले. एका बापाला फक्त दाखला हवा होता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. पण ४० टक्क्यांचा दाखला हातात असल्याशिवाय बहुतेक सवलती मिळत नाहीत, आणि त्यासाठी एक-एक खेप म्हणजे एक-एक दिवसाची मजुरी. आपल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोघांनी त्याच्याबरोबर जायचे कबूल केले आहे. कबूल केलेले पाळले की नाही, हे मी त्यांना विचारत राहणार आहे.

दुसऱ्या घरात आजी आणि नातू. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले, पावसाच्या तोंडावर परतणार. अशा भट्ट्यांच्या विटा आपल्या वसईच्या घरांतही आहेत. नातवाला चालता येत नाही, म्हणून भट्टीवर नेता येत नाही. तुमच्यासाठी काय मागू, असे विचारल्यावर आजी म्हणाली, "माझ्या आधी याला ने म्हणावं देवाला. माझ्या मागं याला कोण बघेल?"

या मागणीला आमेन कसे म्हणायचे? आणि नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणायचे? मला काही सुचेना. आमच्याबरोबर आलेल्या निवृत्त शिक्षिका आजीजवळ सरकल्या, तिचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवा, ही आजी घाबरली आहे. तुला कळतंय ना?" एवढेच. आजी रडली, बाईही रडल्या. नातू दोघींकडे बघत होता. धर्मगुरू झाल्यापासून मी पुष्कळ प्रार्थना ऐकल्या आहेत, त्यात ही वरची.

शेवटच्या दिवशी मी पहिल्या घरी पुन्हा गेलो. या वेळी तिघेच होतो. त्या आईला विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, दोन तास याला धरा. मोखाड्यात मे महिन्यात विहिरी तळाला जातात. पाड्यातल्या बाया पहाटे जातात, आणि हिला मात्र थोरली मुलगी घरी आल्याशिवाय हलता येत नाही. ती पोहोचेपर्यंत विहिरीत गढूळ गाळ उरतो. आमच्या दोन तरुणांनी मुलाला मांडीवर घेतले. ताठ हात ओढायचा नाही, आधी गुडघे आणि कंबर दुमडायची, हे सिस्टरांनी दाखवले. त्याची लाळ एकाच्या शर्टावर गळत होती, आणि त्या तरुणाने ती पुसली नाही, हे मी पाहिले. आई दोन हंडे भरून आली. मी विचारले, "प्रार्थना करू का?" ते घर ख्रिस्ती नाही, म्हणून तर विचारायलाच हवे होते. ती म्हणाली, "करा, पण हळू."

परतीच्या गाडीत एका मुलीने विचारले, "फादर, आपल्या गावात अशी मुलं नाहीतच का?" आम्ही मोजू लागलो. मनोरच्या अलीकडेच सात घरे झाली. त्या सातांपैकी एकही मूल रविवारच्या मिस्साला दिसत नाही. एका घरात आई सहाच्या मिस्साला येते आणि बाप आठच्या. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा मिस्सात ओरडला तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. मी प्रवचन थांबवून त्या दिशेला पाहिले होते. मी विसरलो होतो, ते विसरलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि विचारले. आई म्हणाली, "दाराजवळ जागा द्या, लागलं तर बाहेर पडता येईल. आणि मिस्सा झाल्यावर कोणी त्याच्याशी बोलावं. मला त्याच्याबद्दल विचारण्यापेक्षा त्यालाच नावानं हाक मारावी."

येत्या रविवारी आठच्या मिस्साला ते तिघे एकत्र येणार आहेत. उजवीकडच्या दारालगतचा शेवटचा बाक त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा. त्या बाकावरचा लाऊडस्पीकर बंद केला आहे. ख्रिस्तशरीर उंचावताना वेदीसेवक घंटा हळू वाजवतील.