बिल नसलेली क्रँक

बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचं इंजिन उघडलं तेव्हा रॉडला प्ले आला होता, सिलिंडर घासला होता आणि हेडही गेलं होतं. बोरिवलीतल्या आमच्या मेकॅनिकने सरळ सांगितलं, "सगळं नवीन टाकलं तर गाडीपेक्षा इंजिन महाग पडेल, भाऊ. जुनं बघू का?" मी म्हटलं, बघा.

मग सुरू झाला जुळवाजुळवीचा खेळ. हेड सीडी डिलक्सचं मिळालं, क्रँक पॅशनची. सिलिंडर आमचाच, बोअर करून त्यात पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला. हे जमतं कारण या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं तेच 97.2 सीसीचं इंजिन आहे : 50 मिलिमीटर बोअर, 49.5 स्ट्रोक. मॅग्नेटच्या बाजूने क्रँक जुळते का, तेवढं बघून घ्यायचं. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली आणि मला प्रमोशन मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

आता हे इंजिन बाबांचंच का, हा प्रश्न सुचायला तत्त्वज्ञ असावं लागत नाही. ग्रीकांकडे थीसिअसचं जहाज आहे, फळी फळी बदललेलं. आपल्याकडे मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे नक्की काय? चाक? आस? सांगाडा? यांतलं एकेक म्हणजे रथ नव्हे. 'रथ' हे सगळ्या जुळणीला दिलेलं नाव. आरटीओचं उत्तर याहून सोपं आहे. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो, आणि केस आमचीच होती. म्हणजे कागदोपत्री काहीच बदललं नाही.

पण नागसेनाने एक गोष्ट विचारली नाही : चाक आणलं कुठून?

क्रँक कुर्ल्याच्या बाजारातून आली, बिलाशिवाय, नवीच्या तिसऱ्या हिश्श्यात. फारशी चाललेली दिसत नव्हती. अपघातातल्या गाडीची असेल. बहुतेक तसंच असेल. तिथला बराचसा माल मोडीत निघालेल्या गाड्यांचा असतो. पण चोरलेली बाईक सुटी करून विकतात तीही याच कारणाने, की नंबर चेसिसवर आणि केसवर असतो, बाकीच्या पार्टला नाव नसतं. न्याय संहितेच्या 317व्या कलमात माल चोरीचा आहे हे माहीत असणं आणि तसं मानायला कारण असणं, दोन्ही एका ओळीत बसवलंय. हे 'कारण' माझ्याकडे होतं का? मी विचारलं असतं तर कदाचित असतं. म्हणून विचारलं नाही.

ऑफिसात मी याच्या उलट वागतो. कोडमध्ये बाहेरची लायब्ररी घ्यायची तर तिचं लायसन्स बघतो, व्हर्जन पक्कं करतो, हॅश जुळवतो. तिथे 'मिळालं कुठून तरी' असं म्हटलं तर रिव्ह्यूमध्येच अडकेन.

मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे डिलिव्हरीवाली मुलं येतात, ज्यांची गाडी दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांची कमाई बंद. त्यांना नवीन क्रँक परवडत नाही. या बाजाराशिवाय त्यांचं चालणार नाही, आणि त्यांनी पार्टचा इतिहास विचारावा असं एसीत बसून सांगणं मला जमणार नाही. माझी गोष्ट वेगळी. माझ्या खात्यात पैसे होते. स्वस्तात इंजिन उभं करणं ही त्यांची गरज आणि माझा छंद. छंदापायी मी तोच जुगार खेळलो, आणि त्यात हरणारा असलाच तर तो तिसराच कोणीतरी, एखाद्या सकाळी बिल्डिंगखाली रिकामी जागा बघत उभा राहिलेला. त्याच्यापर्यंत पोचायचा मार्ग माझ्याकडे नाही. क्रँक काढून परत दिली तरी ती त्याच काउंटरवर जाईल.

परवा खालच्या मजल्यावरच्या मुलाने गाडी विकत मागितली. त्याला डिलिव्हरीचं काम धरायचंय. बाबा म्हणाले, "इंजिन नवीन केलंय म्हणून सांग." मी एका कागदावर यादी केली : काय जुनं, काय नवं, काय कुठल्या गाडीचं. क्रँकसमोर लिहिलं : पॅशन, कुर्ला, बिल नाही. हे वाचून तो माघार घेईल असं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावी असंही वाटत होतं.

त्याने कागदाचा फोटो काढला. म्हणाला, "दादा, अ‍ॅव्हरेज किती देते?"